किल्ल्याच्या प्रश्नाला दोन गुण

माझा जन्म किल्ल्यातला. असं सांगितलं की लोक मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, म्हणजे सरदार घराण्यातल्या का तुम्ही? नाही हो. मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात जो किल्ला दिसतो, त्याच्या तटाच्या आत तेव्हा थोडी घरं होती. त्यातलं एक आमचं. बाबा होडी चालवायचे. किल्ल्यातली माणसं गावात पोचवायची, गावातलं सामान किल्ल्यात आणायचं आणि मधल्या वेळात जाळं टाकायचं, हा त्यांचा धंदा. आम्हाला त्या तटाचं काडीचं अप्रूप नव्हतं. तोफेसाठी भिंतीत ठेवलेल्या झरोक्यात आमची कोंबडी अंडी घालायची आणि ती काढायला मी पोटावर सरपटत आत जायची.

अशा या मला, अकरावीच्या सहामाहीत, इतिहासाच्या पेपरात, त्याच किल्ल्यावरच्या प्रश्नाला दहापैकी दोन गुण मिळाले.

साठ सालानंतरची ही गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरी. अकरावीच्या शेवटी एस.एस.सी.ची परीक्षा असायची आणि तिचे पेपर तपासायला लांब घाटावर जायचे, पुण्याच्या बोर्डाकडे. तो सहामाहीचा प्रश्न मात्र आमच्याच सरांनी काढलेला: 'महाराजांनी मालवणच्या समुद्रात किल्ला का बांधला, ते सांगून त्याचे महत्त्व स्पष्ट करा.' वाचून मला हसूच आलं. बाकीच्या मुली टाक चावत छताकडे बघत होत्या आणि मला आपल्या परसातून फिरून यायला सांगितल्यासारखं झालं होतं. मी लिहीत सुटले. पुरवण्यांवर पुरवण्या घेतल्या. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखरबावीत आमच्या शेजारणीची बकरी पडली होती, ती माझ्या बाबांनी दोर लावून वर काढली. तटाच्या पायात शिसं ओतलंय. चुन्यात महाराजांच्या हाताचा ठसा आहे, तो हात काही फार मोठा नाही, मी माझा लावून बघितलाय. एका माडाला दोन फाटे आहेत, तो बघायला मुंबईची माणसं येतात. देऊळ, नगारा, पावसाळ्यात तटावर फुटणाऱ्या लाटा, काही म्हणून सोडलं नाही. घंटा झाली तेव्हा मी भुयाराच्या गोष्टीत होते आणि आणखी एक पुरवणी मागायच्या बेतात होते.

पेपर परत मिळाला तेव्हा त्या उत्तराच्या खाली लाल शाईत एकच ओळ होती: 'माहिती भरपूर. उत्तर कुठे आहे?'

वर्गात ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. किल्लेकरीण किल्ल्यातच आपटली, असं मुली एकमेकींना सांगायच्या आणि मी जवळून गेले की बकरीसारखं ओरडायच्या. मला संताप यायचा, आणि संतापले की त्या आणखी ओरडायच्या.

ते हसण्यावारी नेता आलं असतं, पण मी त्या पेपरात नापास झाले होते. हायस्कूलचा नियम असा होता की सहामाहीनंतरच्या पूर्वपरीक्षेत जो एका विषयात जरी गचकला, त्याचा बोर्डाचा फॉर्म हेडमास्तर अडवून ठेवायचे. मग पुन्हा वर्षभर अकरावी. दुसऱ्या कुणाला ते वर्ष परवडलं असतं, मला नाही. पावसाळ्याचे चार महिने दर्या बंद, किल्ल्यातून होडी सुटत नाही. ते चार महिने मी गावात मावशीकडे राहून शाळेत जायची. मावशीचे यजमान मुंबईला गिरणीत होते आणि येत्या पावसाळ्यात ती बिऱ्हाड घेऊन त्यांच्याकडे जाणार होती. ती गेली की गावात मला थारा नव्हता. म्हणजे यंदा फॉर्म गेला, यंदा पास झाले, तर रत्नागिरीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं, तिथे वसतिगृह होतं. नाहीतर किल्ल्यात परत, आणि मग किल्ल्यातच. मला ते नको होतं. किल्ल्याचा मला कंटाळा नव्हता, पण पाण्यापलीकडे काय आहे ते बघायची भूक मात्र जबर होती.

घरी आईला गुण सांगितले. आईला अक्षरओळख नव्हती, पण प्रश्न विचारण्यात ती कुणाला हार जायची नाही.

"तुका ठाव आसा ता सगळा लिवलंस मा?"

"सगळं लिहिलं."

"मगे रवला काय?"

"विचारलं होतं ते नाही लिहिलं."

"इचारल्यानी काय?"

"किल्लो बांधलो कित्याक," मी म्हटलं. म्हणजे, का बांधला.

आई चुलीतलं लाकूड पुढे सारता सारता थांबली. "कित्याक म्हणजे? रवाक!" ती म्हणाली, आणि पुन्हा लाकूड सारायला लागली. राहायला. आईने एका शब्दात उत्तर दिलं होतं. ते बरोबर नव्हतं, पण उत्तर होतं. माझ्या एवढ्या पुरवण्यांत तेवढंही नव्हतं, आणि हे लक्षात आल्यावर मला रात्री जेवण गेलं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी मी सरांशी भांडलेच. आमचे इतिहासाचे सर कोल्हापूरकडचे. उंच, बारीक, टोपी घालणारे. पाण्याला इतके भ्यायचे की मालवणात नोकरी करून केस पिकायला लागले तरी होडीत पाय ठेवलेला नव्हता. शिकवताना वर्गाच्या खिडकीतून किल्ल्याकडे हात करायचे.

"सर, मी लिहिलं त्यात खोटं काय आहे?" मी विचारलं.

"एक अक्षर खोटं नाही."

"मग दोनच गुण?"

"ते दोनसुद्धा बकरीचे आहेत. वाचताना करमणूक झाली."

वर्ग फिदीफिदी हसला आणि माझं डोकं फिरलं. "मी तिथे राहते," मी म्हटलं, "तुम्ही एकदा तरी आत आला आहात का?" मला वाटलं, आता पट्टी बसणार. सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. "नाही आलो," ते म्हणाले. "तेही खरंच. रविवारी येतो. तुझ्या वडिलांना सांग, होडी हळू चालवा म्हणावं."

रविवारी सर खरंच धक्क्यावर आले. होडीत बसले ते बरोबर मधोमध, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरून. बाबा मागे उभे राहून वल्हं मारत होते. थोडं अंतर गेल्यावर सरांनी मान वळवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाबा किल्ल्याकडे बघतच नव्हते. ते पुन्हा पुन्हा मागे, गावाकडे बघत होते.

"अहो, पुढे बघा!" सर ओरडले.

"फुडे काय बघूचा मास्तरानू?" बाबा म्हणाले. "किल्लो खंय पळान जातलो? वाट मागे बघूनच गावता."

मग त्यांनी वल्ह्याच्या टोकाने किनारा दाखवला. तिथला एक जुना वड आणि त्याच्या मागच्या देवळाचा कळस एका रेषेत ठेवायचा. रेष मोडली की होडी खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर. सरांनी वाकून पाण्यात पाहिलं. हिरव्या पाण्याखाली काळे खडक हातभर खोल दिसत होते. त्यांनी चटकन मान वर घेतली.

"दुसऱ्या वाटेने नाही येता येत?"

"येवक येता," बाबा शांतपणे म्हणाले. "पण होडी फुटता."

सरांनी एकदा किल्ल्याकडे आणि एकदा मागे वडाकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तू लिहिलंस का?"

"काय?"

"हेच. की किल्ला समोर दिसतो, पण सरळ जाता येत नाही. वाट एकच आहे आणि ती माहीत असलेल्यालाच माहीत आहे."

"त्यात काय लिहायचं? ते सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नव्हतं," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. शिकलेला माणूस, इतिहास शिकवणारा, रोज खिडकीतून किल्ला बघणारा, आणि त्याला हे ठाऊक नव्हतं! मला त्यांची कीव नाही आली, नवलच वाटलं. मुंबईची माणसं माड बघायला येतात म्हणून मी माड लिहिला होता. ठसा दाखवायचा असतो म्हणून ठसा लिहिला होता. पाहुण्यांना जे जे दाखवायची आमच्याकडे रीत होती ते सगळं मी परीक्षकाला दाखवून आणलं होतं. आणि आम्ही रोज ज्याच्या जिवावर जगत होतो, ते सांगण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

किल्ल्यात शिरताना सर दरवाजासमोर थबकले, कारण दरवाजा त्यांना दिसेचना. तो तटाच्या वळणात लपवलेला आहे, अगदी जवळ जाईपर्यंत नुसती भिंत वाटते. "मग?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, मग काय, आत जायचं. "तू जाशील. शत्रू आला तर?" मी विचार केला. शत्रूला दरवाजा सापडेपर्यंत वरून दगड खावे लागतील. तोफही सरळ दरवाजावर डागता यायची नाही. "मग हे कुणी असंच केलं असेल का?" नाही, मी म्हटलं, मुद्दाम केलं. मला पुढे काय ते बघायची घाई झाली.

दिवसभर तेच चाललं होतं. मी एकेक दाखवायची, सर म्हणायचे, "मग?" विहिरी आहेत. मग? गोडं पाणी आहे. मग? आम्ही पितो. आम्ही म्हणजे कोण? आणि वेढा पडला की कोण? तेव्हा कुठे मला ती विहीर वेगळी दिसली. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, म्हणजे शत्रूने महिनोन्‌महिने गलबतं लावून वाट अडवली तरी आतली माणसं तहानेने शरण यायची नाहीत. म्हणून किल्ला टिकायचा. म्हणून समुद्रावर सत्ता महाराजांची राहायची. मी लहानपणापासून त्या विहिरीचं पाणी भरत आले होते, आणि त्या दिवशी तिच्या काठावर वाकून मी नव्या माणसासारखी आत बघत होते.

ठशाजवळ आलो तेव्हा सरांनी टोपी काढली. मला गंमत सुचली. "मग?" मी विचारलं.

"हे तुझ्या उत्तरात येत नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "पण मला बघायचं होतं."

आईने शहाळं आणून दिलं आणि ते दोन फाट्यांच्या माडाचं आहे हे ठासून सांगितलं. मग माझ्याकडे बोट करून सरळ विचारलं, "ह्या माडाचा लिवल्यान मा आमच्या चेडवान?"

"लिहिलं होतं," सर म्हणाले. "ते आता गाळायचं."

"माड गाळूचो?" आईचा आवाज चढला. "मुंबयसून माणसा येतत बघूक!"

"माड सुंदरच आहे हो वहिनी. पण महाराजांनी किल्ला माडासाठी नाही बांधला."

आईला ते पटलं नाही. सर गेल्यावर ती कितीतरी दिवस धुसफुसत होती, की मास्तर शहाळं प्यायले आणि माडालाच नाव ठेवून गेले. मलाही माड गाळणं जिवावर आलं होतं. आपल्याला ठाऊक असलेलं मुद्दाम न सांगणं हे आमच्या घरात लबाडी समजलं जायचं. आमच्याकडे कुणाला रस्ता विचारला तरी वाटेतल्या प्रत्येक घरात कोण आजारी आहे ते कळल्याशिवाय माणूस मुक्कामाला पोचत नाही. उत्तर लिहायचं म्हणजे निम्मं गिळायचं, हे मला नवीन होतं. आणि गिळायचं कुठलं, हे ठरवण्यात मला हळूहळू मजा वाटायला लागली.

पुढचे दोन महिने मी सरांना एकेक उत्तर लिहून दाखवायची. आधी माझी गाडी दुसऱ्या बाजूला घसरली. 'म्हणून' हा शब्द सापडल्यावर मी त्याचा असा सपाटा लावला की प्रत्येक वाक्याला म्हणून. माडाला तर सोडवत नव्हतंच, म्हणून मी लिहिलं: किल्ल्यात माड आहेत, म्हणून सैनिकांना शहाळी मिळत, म्हणून किल्ला अजिंक्य राहिला. सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "ओढूनताणून नको," ते म्हणाले. "तुला स्वतःला पटलं तरच म्हणून." मग मी वाक्यं खोडत बसायची. लिहिताना बाबांची मान आठवायची. प्रत्येक परिच्छेद संपला की मी प्रश्नाकडे वळून बघायची, आपण अजून रेषेत आहोत का. पुष्कळदा नसायची. बकरी कुठून ना कुठून तरी आत शिरायचीच.

मला सगळ्यात कुतूहल वाटायचं ते परीक्षकाचं. तो कोण असेल? सरांनी एका उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासले होते. ते म्हणाले, मे महिन्याचा उकाडा, बाजेवर गठ्ठे, घरात पोरं रडतायत, आणि एकाच प्रश्नाचं तेच ते उत्तर पुन्हा पुन्हा. परीक्षक दुष्ट नसतो, थकलेला असतो. पहिल्या चार ओळींत त्याला कळलं पाहिजे की या मुलीला काय म्हणायचंय. मग तो सावरून बसतो. हे ऐकल्यापासून तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी त्याला खानदेशातला केला. त्याने समुद्र बघितलेला नाही असं ठरवलं. त्याच्या बायकोने त्याला चहा दिलाय, तो निवत चाललाय. त्याला मी समोर बसवून सांगायची. एकदा त्याच्यासाठी मी लिहिलं, 'समुद्राचे पाणी पिण्यास योग्य नसते.' सरांनी ते खोडलं आणि समासात लिहिलं, 'एवढे त्यालाही माहीत असावे.'

पूर्वपरीक्षेत आरमारावर प्रश्न आला. मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, की किनारा ज्याच्या ताब्यात नाही त्याचं राज्य मागच्या दाराने उघडं असतं. मग खडपं, लपवलेला दरवाजा, गोडं पाणी, एकेक करून आणलं. एकच पुरवणी घेतली आणि घंटेआधी लेखणी खाली ठेवली. तेव्हा मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, कारण सांगायचं कितीतरी उरलं होतं. पण सरांनी सात गुण दिले, मी पास झाले आणि हेडमास्तरांनी फॉर्मवर सही केली. मुलींचं बकरीसारखं ओरडणंही बंद झालं. खरं सांगायचं तर त्याची मला थोडी चुटपुट लागली.

मार्चमध्ये एस.एस.सी.चा पेपर हातात आला आणि मी तो दोनदा उलटूनपालटून पाहिला. किल्ला नाही, आरमार नाही. मोठा प्रश्न असा: 'इंग्रजांच्या काळात रेल्वे सुरू झाल्यामुळे देशावर कोणते परिणाम झाले?' आता बघा. मी आगगाडी फक्त चित्रात पाहिली होती. आमच्या किनाऱ्यावर रूळ नव्हतेच. पाठ्यपुस्तकातली दहाबारा वाक्यं मला येत होती, ती लिहून मोकळं होता आलं असतं. पण मला खरोखरच प्रश्न पडला, ही आगगाडी आल्याने झालं तरी काय? मी पेन खाली ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघितलं. मग मला सुचलं की मला आगगाडी माहीत नाही, पण आगगाडी नसणं माहीत आहे. पावसाळ्यात होडी थांबते. मग? मग चार महिन्यांचे तांदूळ आधीच भरून ठेवावे लागतात. आगगाडी थांबत नाही. मग? मग धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात केव्हाही जातं. कापूसही जातो, सैन्यही जातं. म्हणजे ज्याच्या हातात गाडी, त्याच्या हातात धान्य आणि सैन्य दोन्ही. म्हणून इंग्रजांनी ती आपल्या सोयीने घातली. आणि मग त्याच गाडीत बसून इकडची माणसं तिकडे जायला लागली, एकमेकांशी बोलायला लागली, हे काही इंग्रजांच्या हिशेबात नव्हतं. लिहिताना माझी मलाच उत्सुकता लागली होती, पुढच्या ओळीत काय निघतंय त्याची. घरच्या विहिरीवर लिहून मी दोन गुण मिळवले होते आणि न बघितलेल्या आगगाडीवर मी रंगून लिहीत होते. तो खानदेशातला माणूस ते वाचून सावरून बसला की नाही, हे मला कधीच कळलं नाही. अजूनही कळावंसं वाटतं.

मेअखेर दर्या खवळायच्या आत बाबांनी मला माझ्या ट्रंकेसकट मावशीकडे आणून सोडलं. निकाल जूनमध्ये लागायचा, आणि तेव्हा किल्ला आणि गाव यांच्यात माणूसच काय, चिठ्ठीही जात नसे. मावशीने मुंबईला कळवून टाकलं होतं, की पोरीचा निकाल लागेपर्यंत मी हलायची नाही. धक्क्यावर उतरताना बाबा म्हणाले, "निकाल लागलो काय हय ये. पास झालंस तर पांढरा लुगडा हलव. मी रोज दुपारी तटार येवन बघतलंय."

"आणि नापास झाले तर?"

"तर येव नको," बाबा म्हणाले. "उगाच भिजत कित्याक रवतलंस?"

त्यांनी होडी वळवली. मी ती लहान होईपर्यंत बघत राहिले. मला त्या क्षणी इतकी भीती वाटली, जितकी परीक्षेत वाटली नव्हती.

निकालाचं वर्तमानपत्र एस.टी.ने एक दिवस उशिरा यायचं. सर ते छत्रीखाली लपवून घेऊन आले. ओसरीवर उभं राहूनच त्यांनी नंबर शोधला, मला दाखवला, चष्मा पुसून पुन्हा दाखवला. मावशी मोठ्याने रडायला लागली. मला रडू येईना, मी आपली छापलेल्या नंबरावरून बोट फिरवत होते. सर म्हणाले, ट्रेनिंगच्या प्रवेशाला उशीर करून चालायचं नाही, परवाच्या गाडीने निघ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दर्या उघडणार नारळी पौर्णिमेनंतरच. म्हणजे आईबाबांना न भेटताच मी जाणार होते. त्यांना निदान कळायला तरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशीचं पांढरं लुगडं घेऊन धक्क्यावर गेले. समोर किल्लाच नव्हता. पावसाचा पडदा एवढा दाट, की धक्क्याच्या टोकापलीकडे काही दिसेना. तरी मी लुगडं हलवलं. संध्याकाळपर्यंत हलवलं, ते भिजून एवढं जड झालं की हात वर जाईना. मावशीने मला ओढत घरी नेलं. रात्रभर मला एकच विचार, की बाबा तटावर येऊन गेले असतील, त्यांना काही दिसलं नसेल, आणि त्यांनी काय समज करून घेतला असेल. आलीच नाही, असंच ना. आम्ही तेच ठरवलं होतं.

निघायच्या दिवशी गाडी दुपारची होती. ट्रंक स्टँडवर पाठवून मी आणि मावशी आधी धक्क्यावर गेलो. वारा पडला होता. पाऊस एकाएकी थांबला आणि किल्ला पाण्यातून वर आल्यासारखा समोर दिसला, काळा आणि ओला. तटावर एक ठिपका होता. मी लुगड्याचं एक टोक धरलं, मावशीने दुसरं, आणि आम्ही दोघी ते वरखाली हलवायला लागलो. ठिपका हलेना. मी ओरडलेसुद्धा, पण लाटांपुढे माझा आवाज कुठे पोचणार. मग ठिपका एकदम नाहीसा झाला. त्यांनी बघितलं की कंटाळून गेले, मला काही कळेना. खूण पाठवायची कशी ते आम्ही ठरवलं होतं. ती पोचली हे त्यांनी मला कसं सांगायचं, ते ठरवलंच नव्हतं.

स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. मावशी म्हणाली, चल गो. मी लुगडं गोळा करत होते, तेवढ्यात तटावर दोन ठिपके आले. दोघांच्या हातात काहीतरी होतं. मग काळ्या भिंतीवर एक हिरवा चौकोन उलगडला. त्याच्या शेजारी एक पांढरा. मग तांबडा, मग आणखी एक पांढरा. ते भराभर वाढत गेले.

"ह्यांका खूळ लागला काय?" मावशी म्हणाली. "पावसात कपडे सुकत कोण घालता?"

मी डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. हिरवं ते आईचं सणाचं लुगडं. पांढरे ते बाबांचे पंचे. गोधडी होती, चादर होती, घरात कापड म्हणून जे काही होतं ते सगळं त्यांनी तटावरून खाली सोडलं होतं. अगदी कडेला एक निळा लहान तुकडा होता, तो माझा शाळेचा जुना परकर. मावशीने माझा हात धरून ओढलं आणि आम्ही पळत सुटलो. चढावर पाऊस पुन्हा सुरू झाला. गाडीत चढायच्या आधी मी एकदा वळून पाहिलं. कपडे चिंब भिजत होते, आणि ते काढायला कुणी आलेलं नव्हतं.